मागे राहिलेल्यांचा कायदा

प्रस्तावना

चांदा जिल्हा, म्हणजे ढोबळमानाने आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली, इंग्रजांच्या हाती गेला तो वारसाच्या एका प्रश्नावरून. ११ डिसेंबर १८५३ रोजी नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारले. पोटी मुलगा नव्हता आणि हयातीत त्यांनी दत्तकही घेतला नव्हता. राजघराण्याने मागाहून पुढे केलेला दत्तक गव्हर्नर-जनरल डलहौसीने मानला नाही. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य कंपनी सरकारात जमा झाले आणि वैनगंगा-प्राणहितेच्या काठचा हा जंगलमुलूखही त्यासोबत गेला. त्याआधी सुमारे दीडशे वर्षे याच चांद्याच्या गोंड गादीवर राणी हिराईने राजा बीरशहाच्या पश्चात रामशहाला दत्तक घेतले होते. तो दत्तक मानला गेला आणि राज्य पुढे चालले. दोन्ही वेळी राजा निपुत्रिक होता, दोन्ही वेळी राजघराण्याने तोडगा काढला. फरक पडला तो एवढाच की एकदा मान्यता देणारे आपले होते आणि दुसऱ्यांदा परके.

राज्याचे जे झाले तेच तीन एकर धानाच्या बांधीचेही होते. वारस कोण, हे मरणाऱ्याच्या मनात काय होते यापेक्षा त्याच्या मागे कोण कोणाला मान्य करतो, कोणाचे नाव लिहिले जाते आणि कोणाचे गाळले जाते, यावर ठरते. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतला वारसाहक्क, मृत्युपत्रे आणि मालमत्तेतले भावी हक्क हा या पुस्तकाचा विषय. त्यातला मुख्य मुद्दा आधीच सांगून टाकतो. या भागात वारसाच्या वादांत कायद्याइतकेच नुकसान मौनाने केले आहे. रूढी काय आहे हे कोणी लिहिले नाही, विचारले नाही, आणि जिथे काही लिहिलेले नव्हते तिथे ते मुलीच्या विरुद्ध वाचले गेले.

या विषयाचे मूळ प्रश्न तीनच. माणूस काही लिहून न ठेवता गेला तर त्याचे कोणाला? लिहून ठेवून गेला तर ते लिखाण टिकेल का? आणि जो हक्क आज हातात नाही, उद्या कोणाच्या मरणानंतर किंवा काही अट पुरी झाल्यावर मिळायचा आहे, त्याची आजची किंमत काय? पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या फ्लॅटबद्दल हे प्रश्न विचारले तर उत्तर एका कायद्यात सापडते. धानोरा, एटापल्ली, जिवती किंवा मूलमध्ये विचारले तर आधी चार उलटे प्रश्न येतात. मेलेला माणूस कोण होता? जमीन कोणत्या प्रकारची? गाव पूर्वी कोणत्या राज्यात होते? आणि तो वारला कधी?

यातला शेवटचा प्रश्न लोक विसरतात. वारसा उघडतो तो मृत्यूच्या दिवशी आणि त्या दिवशी जो कायदा असेल तोच लागू होतो, वाद पुढे चाळीस वर्षांनी कोर्टात आला तरी. म्हणून या विषयाचा इतिहास शोभेसाठी सांगायचा नसतो. जुना सातबारा उलगडायला तोच लागतो.

हिंदू वारसाहक्काच्या दोन मोठ्या परंपरा. कल्याणीच्या चालुक्य दरबारातल्या विज्ञानेश्वराची 'मिताक्षरा' आणि बंगालच्या जीमूतवाहनाचा 'दायभाग'. मिताक्षरेत वडिलार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हिस्सा; दायभागात बाप जिवंत असेपर्यंत मुलाला काही नाही. मिताक्षरेच्या पोटातही पंथ आहेत. मराठी मुलखात मिताक्षरेच्या जोडीला नीलकंठ भट्टाच्या 'व्यवहारमयूखा'चे वजन राहिले. हे भट्ट घराणे मूळचे पैठणचे, काशीला जाऊन स्थायिक झालेले. मयूखाने बहिणीला वारसांत जागा दिली, आणि स्त्रियांबाबत महाराष्ट्राचा पंथ काशीच्या पंथापेक्षा उदार राहिला. हे सगळे जुने पांडित्य वाटेल, पण मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांतल्या बंगाली निर्वासितांच्या वस्त्यांत जा. कुटुंब स्थलांतर करते तेव्हा आपला व्यक्तिगत कायदा सोबत नेते, असे न्यायालये मानत आली. त्यामुळे वैनगंगेच्या खोऱ्यात, एकाच मंडळ अधिकाऱ्याच्या हद्दीत, मिताक्षरेचे तेली-कुणबी आणि दायभागाचे बंगाली शेजारी शेजारी धान लावतात.

इंग्रजी अमलात चांदा मध्य प्रांतात गेला आणि १८७५ चा मध्य प्रांत कायदे अधिनियम इथे लागू झाला. त्याचे सूत्र सोपे होते. वारसा, लग्न, दत्तक अशा बाबतीत हिंदूंना हिंदू कायदा, मुसलमानांना मुसलमानी कायदा, रूढी असेल तर तिला मान; आणि ज्याची सोय कशातच नाही तिथे न्यायाधीशाने न्याय, समता आणि सद्सद्विवेक यांना धरून निकाल द्यावा. हे शेवटचे कलम तेव्हा फटी बुजवायला घातलेले. तेच दीडशे वर्षांनी एका गोंड बाईच्या वारसांच्या कामी आले. ते पुढे येईल.

त्या काळात इथली मोठी मिळकत जमीनदारांची. अहेरी, खुटगाव, मुरुमगाव, पोटेगाव, गेवर्धा, रांगी अशा जमीनदाऱ्या चांद्याच्या पूर्वेला पसरलेल्या होत्या. त्यांची वाटणी होत नसे. गादी एकाकडे, बहुधा थोरल्याकडे, बाकीच्यांना पोटगी. खालसा गावांत मालगुजार. त्यांचे तलाव अजून 'मामा तलाव' म्हणून उभे आहेत. ३१ मार्च १९५१ पासून मध्य प्रदेशाच्या कायद्याने हे मालकी हक्क संपले आणि वारसाचा प्रश्न गादीवरून बांधीवर उतरला. राजुरा, कोरपना, जिवतीकडचा भाग मात्र तेव्हा हैदराबाद राज्यात होता, तो इकडे आला नंतर. तिथल्या जुन्या कागदांची भाषा वेगळी, जमिनीच्या हक्कांची नावे वेगळी. सिरोंचा आणखी वेगळा, तेलुगूकडे झुकलेला. या दोन जिल्ह्यांना एकच इतिहास नाही, हे जुन्या दस्तऐवजाची पहिली ओळ वाचतानाच कळते.

१९३७ मध्ये हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हिस्सा मिळाला, पण तो तहहयात, मर्यादित. तिला पूर्ण मालक केले ते १७ जून १९५६ पासून लागू झालेल्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ ने. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात बौद्ध धम्माची दीक्षा दिली. ज्या हिंदू संहितेसाठी त्यांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, तिचाच एक तुकडा म्हणजे हा कायदा. त्याच्या कलम २ मध्ये बौद्धही आहेत, त्यामुळे दीक्षा घेणाऱ्या घरांतल्या मुलींचा हक्क धर्मांतराने गेला नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये अविवाहित मुलींना सहदायक, म्हणजे वडिलार्जित मिळकतीत जन्मतःच हिस्सेदार, केले. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राने लग्न झालेल्या-न झालेल्या सगळ्याच मुलींना. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा हक्क जन्माने आहे, बाप २००५ मध्ये जिवंत होता की नव्हता याने फरक पडत नाही. मुसलमानांना १९३७ चा शरियत कायदा, जिथे मृत्युपत्राने साधारण एक तृतीयांशाहून जास्त देता येत नाही. ख्रिश्चनांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा. इथपर्यंतचा नकाशा कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळेल.

पाठ्यपुस्तक जिथे एका ओळीत आटोपते तिथे या पुस्तकाचे काम सुरू होते. ती ओळ म्हणजे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचे कलम २(२): केंद्र सरकार राजपत्रात वेगळे जाहीर करीत नाही तोवर हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीच्या १० लाख ७२ हजार लोकांपैकी सुमारे ३९ टक्के आणि चंद्रपूरच्या २२ लाखांपैकी सुमारे १८ टक्के अनुसूचित जमातींचे होते. गोंड, माडिया, कोलाम, परधान, हलबा, कंवर. म्हणजे इथल्या लाखो माणसांच्या वारशाबद्दल लिखित कायदा गप्प आहे.

आणि ही यादीसुद्धा स्थिर नव्हती. १९५६ च्या आदेशानुसार चांदा जिल्ह्याच्या जुन्या मध्य प्रांती भागात फक्त गडचिरोली आणि सिरोंचा तहसिलींतले गोंड अनुसूचित जमातीचे होते. वरोरा किंवा ब्रह्मपुरी तहसिलीतला गोंड त्या यादीत नव्हता. ही क्षेत्राची अट १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने गेली. आता दोन चुलतभाऊ डोळ्यांसमोर आणा, दोघेही १९७० मध्ये वारलेले, एक वरोऱ्याचा, एक सिरोंच्याचा. पहिला कायद्याच्या लेखी अनुसूचित जमातीचा नव्हताच, म्हणून १९५६ चा कायदा त्याला लावता येतो आणि त्याच्या मुलीचा हिस्सा थेट कायद्याने मागता येतो. दुसऱ्याच्या मुलीला रूढी सिद्ध करा म्हणून सांगितले जाते. देव एक, सगा एक, सोयरिकी त्याच घरांत, आणि मुलीच्या हक्काला तहसिलीची हद्द आडवी येते. जुन्या फेरफारांवर भांडणाऱ्यांनी हे पहिल्यांदा तपासले पाहिजे. बहुतेक वेळा कोणीच तपासत नाही.

रूढीच्या प्रश्नावर न्यायालये आणि अभ्यासक यांच्यात ढोबळमानाने तीन मते आहेत. पहिले मत म्हणते, सूट काढा, १९५६ चा कायदाच लावा. ९ डिसेंबर २०२२ रोजी कमला नेती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी मुलीला या कायद्याने हिस्सा देता येणार नाही असे सांगितले, पण सूट अशीच ठेवायची का याचा केंद्राने विचार करावा असेही सुचवले. दुसरे मत म्हणते, रूढी समाजाची आहे, तिच्यात हात घालू नका. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्यानेही ग्रामसभेला परंपरा जपण्याचा आणि रूढीने तंटे सोडवण्याचा अधिकार दिला आहे. १९९६ मध्येच मधु किश्वर खटल्यात, छोटा नागपूरच्या आदिवासी स्त्रियांबाबत, न्यायालयाच्या बहुमताने रूढी रद्द केली नाही. घरातल्या स्त्रियांचा त्या जमिनीवर जगण्याचा हक्क तेवढा राखला. तिसरे मत या दोहोंच्या मधून वाट काढते आणि आज तेच सर्वांत जिवंत आहे.

ते १७ जुलै २०२५ च्या राम चरण विरुद्ध सुखराम या निकालात दिसते. छत्तीसगडमधले गोंड कुटुंब; आईच्या वडिलांच्या जमिनीत आईचा हिस्सा मागणारी तिची मुले. खालच्या न्यायालयांनी दावा फेटाळला, कारण मुलीला वारसा मिळतो अशी रूढी वादींनी सिद्ध केली नाही. सर्वोच्च न्यायालयाने प्रश्नच उलटा केला: मुलीला वारसा मिळत नाही अशी रूढी तरी कोणी सिद्ध केली? तीही झाली नव्हती. दोन्हीकडे पुरावा नाही, मग १८७५ च्या त्याच मध्य प्रांत कायद्यातला न्याय, समता आणि सद्सद्विवेक, आणि त्याच्यासोबत संविधानाचे कलम १४. तो जुना कायदा २०१८ मध्ये रद्द झाला होता, तरी आधीच मिळालेला हक्क त्याने बुडत नाही, असे न्यायालयाने धरले. चांदा हा त्याच मध्य प्रांताचा जिल्हा. त्यामुळे हा निकाल आपल्याकडे नुसता दाखला म्हणून येत नाही, त्याची मुळे इथल्याच कायद्यात आहेत. मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरात हिमाचलच्या एका प्रकरणात न्यायालयाने पुन्हा बजावले की १९५६ चा कायदा अनुसूचित जमातींना थेट लावता येणार नाही. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर अर्थ स्पष्ट आहे. गोंड मुलीचा दावा उभा राहू शकतो, पण १९५६ च्या कायद्याच्या पायावर नव्हे. दाव्यात चुकीचे कलम लिहिले की खरा हक्कही हातचा जातो.

आता हे सगळे एका घरात आणून पाहू. धानोरा तालुक्यातला एक गोंड शेतकरी वारला असे धरा. मागे बायको, दोन मुलगे आणि शेजारच्या गावात दिलेली एक मुलगी. त्याच्या नावे तीन एकर धानाची जमीन, पाच एकरांचा वनहक्क पट्टा, बँकेत थोडी रक्कम, आणि जंगलातली मोहाची काही झाडे, जी गावाच्या लेखी त्याच्याच घरची.

धानाची जमीन आधी. पटवाऱ्याकडे मृत्यूची वर्दी जाते. महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे ती तीन महिन्यांत द्यायची. गाव नमुना सहा-क या वारसनोंदवहीत नावे चढतात, फेरफार निघतो, नोटीस लागते, मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. या प्रवासात मुलीचे काय होते ते सातबारा उलगडून बघावे. कधी तिचे नाव वर्दीतच नसते. कधी ते भोगवटादाराच्या रकान्याऐवजी 'इतर अधिकार' या रकान्यात, आईच्या नावाखाली, बारीक अक्षरांत येते. कधी 'ए.कु.क.' म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता म्हणून थोरल्याचे एकट्याचे नाव लागते आणि पुढच्या पिढीत तो 'कर्ता' गळून नुसता मालक उरतो. फेरफाराने मालकी मिळत नाही, ती फक्त महसुली नोंद, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे. पण पीककर्ज, भूसंपादनाचा मोबदला, अतिवृष्टीची मदत, सगळे त्याच नोंदीवरून मिळते. कायद्याने कच्चा असलेला तो कागद व्यवहारात पक्का होऊन बसतो.

पट्ट्याचे गणित वेगळे. २००६ च्या वनहक्क कायद्याचे कलम ४(४) म्हणते की हा हक्क वारसाने जातो, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदवायचा. आणि थेट वारस नसेल तर जवळच्या नातलगाकडे जायचा. म्हणजे नवरा गेला तरी बायको त्या जमिनीची आधीपासूनच हक्कदार आहे, वारस म्हणून ताटकळणारी नव्हे. मुलांनी परस्पर आपली नावे लावून घेतली तर तिने पहिल्याच दिवशी हरकत घ्यावी. पण 'थेट वारस' म्हणजे कोण, याची व्याख्या कायद्यात नाही. लग्न होऊन गेलेली मुलगी त्यात येते का? उत्तर शोधायला पुन्हा रूढीकडेच जावे लागते, आणि रूढी लिहिलेली नाही. इथेही तेच मौन.

बँकेत नॉमिनी म्हणून थोरल्याचे नाव आहे. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. पैसे त्याच्या हातात पडतात, त्याचे होत नाहीत. विम्याबाबत, तेव्हाच्या कायद्याखाली, हे १९८३ मध्ये आणि शेअर व म्युच्युअल फंडांबाबत १४ डिसेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. आणि मोहाची झाडे? त्यांना ना सातबारा, ना पट्टा. कोणाचे झाड कोणाकडे जाते हे गावच्या भूमियाला आणि म्हाताऱ्यांना ठाऊक. वाद झालाच तर तो ग्रामसभेत सुटतो, आणि बहुतेक वेळा बरा सुटतो.

गाव मेंढा-लेखा असते तर उत्तर आणखी बदलले असते. या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०१३ मध्ये गावाने आपली शेतजमीनही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या स्वाधीन करायचे ठरवले. ग्रामदानात कसण्याचा हक्क मुलाबाळांकडे जातो, विकण्याचा अधिकार मात्र कोणाकडेच जात नाही.

मृत्युपत्राकडे वळू. चांगले मृत्युपत्र करायला वकील लागतोच असे नाही, मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही. लागते ती करणाऱ्याची सही किंवा अंगठा, आणि दोन साक्षीदार, ज्यांनी ती सही होताना पाहिली किंवा करणाऱ्याने आपली म्हणून कबूल केलेली ऐकली. १ जानेवारी १९२७ पासून तोंडी सांगितलेले हिंदूंचे मृत्युपत्र चालत नाही. 'बाबांनी मरताना सांगितले होते' याला तेव्हापासून किंमत नाही. प्रोबेटची, म्हणजे न्यायालयाकडून मृत्युपत्र प्रमाणित करून घेण्याची, सक्ती २०२५ पर्यंत होती ती मुंबईसारख्या जुन्या इलाखा-शहरांत. चंद्रपुरात केलेल्या, चंद्रपुरातल्या मिळकतीच्या हिंदू मृत्युपत्राला तिची गरज नव्हती. मात्र ज्याला लाभ मिळतो त्यानेच मृत्युपत्र करवून घेतले असेल तर संशय फेडण्याची जबाबदारी त्याच्यावर, हे १९५८ पासून ठरलेले आहे.

आपल्याकडच्या मृत्युपत्रांत सर्वांत जास्त आढळणारे वाक्य असे: माझ्या पश्चात पत्नीने तहहयात उपभोग घ्यावा, तिच्यानंतर मिळकत मुलाकडे जावी. भावी हक्कांचा अर्धा कायदा या एका वाक्यात आहे. पत्नीला आज मिळते ते तहहयात हक्क. मुलाला आज मिळतो तो निहित हक्क, हातात उशिरा येणारा. मुलगा आईआधी वारला तरी तो त्याच्या वारसांकडे जातो. 'धाकटा गावात राहून शेती करील तर त्याला' असे लिहिले तर तो अटीचा हक्क, अट पुरी होईपर्यंत अधांतरी. आणि बायकोच्या बाबतीत आणखी एक गाठ. तिला दिलेला तहहयात हक्क जर तिच्या पोटगीच्या जुन्या हक्कापोटी असेल, तर १९७७ च्या तुलसम्मा निकालानुसार कलम १४(१) लागते आणि ती पूर्ण मालक होते. नवऱ्याने लिहिले एक, कायद्याने केले दुसरे. पुढे मुलांची भांडणे बहुधा या गाठीतच अडकतात.

जो हक्क मिळायचाच आहे तो विकता येतो का? बापाच्या स्वकष्टार्जित जमिनीत मुलाला बाप जिवंत असताना असते ती फक्त आशा, आणि आशा विकता येत नाही, असे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ६ सांगते. वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, कोळसा पट्ट्यात हे विशेष लक्षात ठेवावे. तिथे जमिनीच्या मोबदल्यासोबत नोकरी मिळते, दोन एकरांमागे एक असे सूत्र. नोकरीची वाटणी होत नाही, म्हणून एका भावाच्या नावे बाकीच्यांची संमतिपत्रे गोळा होतात. त्या संमतिपत्रांत बहिणीची सही कशी आली, तिला बदल्यात काय मिळाले, आणि ते कुठे लिहिले आहे, हे तीन प्रश्न कोणी विचारत नाही.

मेलेल्या माणसाने जिवंतांना किती पिढ्या बांधून ठेवावे, हा या शास्त्राचा सर्वांत जुना झगडा. इंग्लंडात १६८२ च्या ड्यूक ऑफ नॉरफोकच्या खटल्यातून त्याला मर्यादा पडली. आपल्याकडे १८७२ च्या टागोर खटल्यात न जन्मलेल्याला मृत्युपत्राने देणे हिंदू कायद्यात चालत नाही असे ठरले आणि १९१६ मध्ये कायदा करून ते शिथिल झाले. आजचा नियम असा की मिळकत फार तर हयात व्यक्तींच्या आयुष्यापुरती आणि ती आयुष्ये संपताना जन्मलेल्या लाभार्थ्याच्या १८ व्या वर्षापर्यंत अडकवता येते, त्यापुढचे अवैध. खाजगी मालमत्तेला कायम बांधून ठेवण्याची कायद्याला एवढी धास्ती आहे, आणि तोच कायदा सामूहिक वनहक्क देताना गावाला जंगल कायमचे सोपवतो. ग्रामसभा मरत नाही, म्हणून तिचा वारसाही उघडत नाही. एकाच देशाच्या कायद्यात पिढ्यांकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी आहेत आणि गडचिरोलीत त्या एकाच शिवारात, एकमेकींना लागून, नांदतात.

आदिवासी जमीन मृत्युपत्राने बिगर-आदिवासीला देता येते का, हा इथला धगधगता प्रश्न. महसूल संहितेचे कलम ३६-अ विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, पट्टा 'किंवा अन्य प्रकारे' होणारे हस्तांतरण परवानगीशिवाय अडवते. गुजरातच्या कूळकायद्याबाबत २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की जे विक्रीने करता येत नाही ते मृत्युपत्राच्या आडवाटेने करू देता येणार नाही. तोच तर्क इथे लावावा, असे आमचे मत आहे. १९७४ चे दोन कायदे, एक हस्तांतरण रोखणारा आणि दुसरा गेलेली जमीन परत देणारा, याच हेतूने झाले.

हे पुस्तक आताच का, याला तीन कारणे. राम चरण निकालाने पुराव्याचे ओझे कुठे पडते ते बदलले आणि ते गावापर्यंत पोचलेले नाही. दुसरे, वनहक्काचे पहिले पट्टे २००८ नंतर मिळाले ते बहुधा मध्यम वयाच्या माणसांना. ती पिढी आता जाते आहे आणि पट्ट्यांचा पहिला वारसा आत्ता उघडतो आहे. पहिल्या नोंदी जशा होतील तशीच रीत पडेल. तिसरे, २०२५ मध्ये राज्याने 'जिवंत सातबारा' मोहीम काढून मयत खातेदारांच्या जागी वारस लावायला घेतले. वर्षानुवर्षे तुंबलेल्या नोंदी घाईने होतात तेव्हा नावे गळण्याचा धोकाही तेवढाच मोठा. त्यात ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूलच्या पट्ट्यात वाघाच्या हल्ल्यात माणूस गेला की भरपाईसाठी वारस कोण ते चटकन सांगावे लागते. दुःखाच्या त्या दिवसांत जो पुढे होतो त्याचेच नाव लागते.

पुस्तकातले लेख वकिलांसाठी तेवढेच गावातल्या वाचत्या माणसासाठी आहेत: पेसा समन्वयक, वनहक्क समितीचे सदस्य, बचतगटाच्या ताई, शिक्षक, पटवारी. मांडणी कलमांच्या क्रमाने केलेली नाही. मृत्यूच्या दिवसापासून पुढे घरात जे प्रश्न ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने केली आहे. जिथे कायदा पक्का आहे तिथे तसे म्हटले आहे. जिथे न्यायालयांत अजून मतभेद आहेत, जसे आदिवासी माणसाच्या मृत्युपत्राला १९२५ चा कायदा कितपत लागतो, तिथे दोन्ही बाजू ठेवल्या आहेत. वकिलाची जागा हे पुस्तक घेणार नाही. वकिलाकडे कोणते कागद घेऊन जायचे ते मात्र सांगेल.

एका गोष्टीत आम्ही तटस्थ नाही. ग्रामसभांनी आपली वारसाची रूढी स्वतः लिहून काढावी, असा आमचा आग्रह आहे. त्यावर एक खरा आक्षेप आहे: लिहिली की रूढी गोठते. आणि पंजाबचा अनुभव डोळ्यांसमोर आहे. तिथे इंग्रज अधिकाऱ्यांनी 'रिवाज-ए-आम' लिहून घेतले ते पुरुष जमीनधारकांना विचारून; पुढे न्यायालयांनाच म्हणावे लागले की बायकांना विचारलेच नव्हते, तेव्हा त्यांच्या विरुद्धच्या नोंदींचे वजन कमी धरावे. म्हणून आमची सूचना तीन अटींसह आहे. बायकांची वेगळी बैठक होऊन त्यांचे म्हणणे वेगळे नोंदले जावे. प्रत्यक्ष घडलेली उदाहरणे लिहावीत, म्हणजे घरजावई राहिलेल्याला काय मिळाले, विधवा परत माहेरी आली तेव्हा काय झाले, भाऊ नसलेल्या बहिणींचे काय झाले. आणि ठराव काही वर्षांनी पुन्हा वाचून बदलण्याची मोकळीक त्यातच असावी. माडिया, कोलाम आणि राजगोंड यांच्या रीती एकसारख्या नाहीत. एका गावचा ठराव दुसऱ्या गावाने उतरवून घेऊ नये.

असे ठराव होतील तेव्हा काही गावे लिहितील की मुलीला हिस्सा द्यायची आमची रीत नाही. ते आम्हाला पटणार नाही, पण निदान ते उघड्यावर येईल, त्याला नाव-तारीख लागेल, आणि न्यायालयात व संविधानापुढे त्याला उत्तर द्यावे लागेल. आजवर अशा रूढीला कधी साक्षीच्या पिंजऱ्यात उभेच राहावे लागले नाही.